जोडणी तुटली तरी काम तुटू नये

प्रश्न : मी दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) जोडून काम करतो. गेल्या आठवड्यात डेटाबेसची मोठी आयात चालू असताना माझ्याकडचे इंटरनेट काही क्षण गेले. पुन्हा लॉगिन करून पाहिले तर आयात अर्ध्यावरच मेली होती. सहकारी टीमक्स हा टर्मिनलमधली सत्रे जिवंत ठेवणारा प्रोग्राम वापरायला सांगतात. त्याने नेमके काय साधते? आदेशाच्या शेवटी अँपरसँड (&) लावला तर भागणार नाही का?

उत्तर : अँपरसँडवर विसंबू नका. त्याने आदेश पार्श्वभूमीवर जातो एवढेच, तो शेलच्या, म्हणजे आपले आदेश घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाताखालीच राहतो. जोडणी तुटली की सर्व्हर आपल्या नावाने उघडलेले आभासी टर्मिनल बंद करतो, त्या टर्मिनलवरच्या शेलला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ‘हँगअप’ हा संकेत पाठवतो, आणि बॅशसारखा शेल स्वतः बंद होण्यापूर्वी तोच संकेत आपल्या सर्व कामांना पोचवतो, मग ती समोर चालू असोत वा पार्श्वभूमीवर. या संकेताची वेगळी व्यवस्था न केलेला प्रोग्राम तिथेच संपतो. आपल्या आयातीचे हेच झाले असावे. ‘नोहप’ लावून आदेश चालवला तर तो संकेत दुर्लक्षिला जातो हे खरे. परंतु मग आउटपुट फाइलमध्ये जाऊन पडते आणि प्रोग्रामने मध्येच ‘पुढे जाऊ का?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देण्याची सोय उरत नाही.

टीमक्स या साखळीतला एक दुवाच बदलतो. तो सुरू केल्यावर त्याचा एक सर्व्हर-प्रोसेस आपल्या लॉगिनपासून वेगळा होऊन चालू राहतो, आणि आपला शेल ज्या आभासी टर्मिनलवर चालतो ते एसएसएचच्या नव्हे, तर या प्रोसेसच्या ताब्यात असते. आपल्याला पडद्यावर दिसतो तो केवळ त्याचा क्लायंट. जोडणी तुटली की क्लायंट जातो. आतल्या शेलला मात्र काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

सुरुवातीला एवढेच करा. सर्व्हरवर लॉगिन झाल्यावर ‘टीमक्स न्यू’ या आदेशाला ‘एस’ हा पर्याय जोडून (tmux new -s) सत्राला कामावरून नाव द्या. नाव न दिल्यास शून्य, एक, दोन असे आकडे पडतात आणि चार दिवसांनी कोणत्या आकड्यात काय चालले आहे ते आठवत नाही. पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी येईल. तिच्या डाव्या टोकाला चौकटी कंसात सत्राचे नाव असेल आणि पुढे खिडक्यांची यादी; जिच्यात आपण आहोत त्या खिडकीच्या नावापुढे तारका दिसेल. आयात सुरू करा, कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग नुसता डी दाबा. पट्टी नाहीशी होऊन आपण मूळ शेलवर याल. आयात आत चालूच राहील. परतायचे तेव्हा ‘टीमक्स अटॅच’ला ‘टी’ या पर्यायासह (tmux attach -t) तेच नाव द्या. आउटपुट तोवर जिथे पोचले असेल तिथून पुढे वाहताना दिसते.

एक चूक मी वारंवार पाहतो, म्हणून मुद्दाम सांगतो : टीमक्स दूरच्या सर्व्हरवर सुरू करायचा असतो, आपल्या लॅपटॉपवर नव्हे. लॅपटॉपवरच्या टीमक्समध्ये एसएसएच चालवले, तर इंटरनेट जाताच एसएसएच तुटते आणि दूरचा आदेश पूर्वीसारखाच मरतो. दोन्हीकडे टीमक्स चालवत असाल, तर कंट्रोल-बी दोनदा दाबा, म्हणजे दुसऱ्यांदा दाबलेली आज्ञा आतल्या टीमक्सला मिळते.

त्याच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. सर्व्हर रीबूट झाला की सर्व सत्रे जातात. काही यंत्रणांवर लॉगआउट होताच वापरकर्त्याचे सर्व प्रोसेस बंद करण्याची सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग चालू असते. तिथे टीमक्सही वाचत नाही. म्हणून नव्या सर्व्हरवर महत्त्वाचे काम सोपवण्याआधी एखादे रिकामे सत्र उघडून, पूर्ण लॉगआउट करून, परत येऊन ते शिल्लक आहे का ते जरूर पाहा. पडदा उभा-आडवा विभागण्याची सोय अनेकांना आधी भुरळ घालते, परंतु ती सावकाश शिकली तरी चालेल. बाहेर पडणे आणि परत येणे ही सवय मात्र पहिल्याच दिवशी बोटांत बसली पाहिजे.

प्रश्न : टीमक्समध्ये वर गेलेल्या ओळी मागे सरकवून पाहता येत नाहीत. त्या नष्ट होतात का?

उत्तर : नष्ट होत नाहीत, त्या आपल्या टर्मिनलकडे नसून टीमक्सकडे असतात. कंट्रोल-बीनंतर डावा चौकटी कंस दाबा, बाणांनी किंवा पेज-अपने वर जा, आणि क्यू दाबून परत या. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक विभागाच्या (पडदा विभागून केलेल्या भागाच्या) 2000 ओळीच साठवल्या जातात, आणि मोठ्या बिल्डच्या लॉगला त्या क्वचितच पुरतात. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘हिस्टरी-लिमिट’ वाढवा, पण ती वाढ नंतर उघडलेल्या विभागांनाच लागू होते. चालू असलेल्यांना नाही. ‘माउस ऑन’ केल्यास चाकानेही मागे जाता येते. मात्र मग माउसने मजकूर निवडण्याचे कामही टीमक्स स्वतःकडे घेतो, तेव्हा नेहमीसारखी निवड हवी असल्यास बहुतेक टर्मिनलमध्ये शिफ्ट दाबून धरावी लागते.

प्रश्न : मी बरीच वर्षे स्क्रीन हा टीमक्ससारखाच जुना प्रोग्राम वापरते. आता टीमक्सकडे वळावे का?

उत्तर : हात बसला असेल तर घाई नको. स्क्रीन 1987 पासून आहे, टीमक्स 2007 पासून. सत्र जिवंत ठेवण्याचे मूळ काम दोन्ही चोख करतात. मला टीमक्सची सेटिंगची फाइल अधिक सुवाच्य वाटते. शिवाय स्क्रीनमध्ये कंट्रोल-बीच्या जागी असलेली कंट्रोल-ए ही जोडी बॅशमध्ये ओळीच्या आरंभी जाण्यासाठी सतत लागते, आणि ती अडवली गेल्याचा त्रास रोज होतो. कंट्रोल-बीची उणीव सहसा जाणवत नाही, कारण ती एक अक्षर मागे जाण्यासाठी आहे आणि ते काम बाणाची कळ करतेच.