जोडीमुळे पिन्फू का हुकला?

प्रश्न : आम्ही चौघे दर रविवारी जपानी माजोंग खेळतो. परवा मी इतरांनी टाकलेली एकही सोंगटी न मागता चार क्रम (लागोपाठच्या तीन-तीन सोंगट्यांचे संच) जुळवले, 4-5 वर 6 आल्याने डाव जिंकलो, आणि जोडी लाल ड्रॅगनची होती. तरीही पिन्फू (डाव जिंकताना गुण मिळवून देणारी एक रचना) धरला गेला नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : होय, आपल्या सोबत्यांचा निर्णय बरोबर आहे. चार संचांच्या सोबतीला असलेली जोडी निव्वळ भरतीची वाटते, परंतु पिन्फूचा अर्थच असा की हाताच्या रचनेतून एकही जादा फू (गुण मोजण्याचे छोटे एकक) मिळता कामा नये. ड्रॅगनची, स्वतःच्या आसनाच्या किंवा चालू फेरीच्या वाऱ्याची (म्हणजे दिशेच्या सोंगटीची) जोडी मात्र 2 फू आणते. जोडी 8-8 ची असती, तर पिन्फू नक्की मिळाला असता.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इतरांनी टाकलेली सोंगटी जोडीसाठी उचलता येते ती केवळ डाव जिंकतानाच, आणि जोडीच शेवटी उरली तर फार तर 3 सोंगट्या उपयोगी पडतात, तर 4-5 ला 3 आणि 6 मिळून 8 पर्यंत. म्हणून सुरुवातीला हाती आलेली जोडी घाईने मोडू नये.