गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. क्लासचे सर म्हणतात, मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायची तर गणित सोडा. तिला मात्र साथीचे आजार कसे पसरतात याचं गणित मांडायचंय. असं काही करिअर असतं का? – एक पालक, कराड

नमस्कार. असतं, आणि त्याचा एक जुना धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. केरमॅक आणि मॅककेंड्रिक यांनी 1927 साली साथीचं गणिती प्रारूप मांडलं, तेव्हा ते पडताळायला मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगमधल्या मृत्यूंचे आठवडावार आकडे घेतले. मॅककेंड्रिक डॉक्टर होते, भारतात नोकरी केलेले, केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. आकडे जुळले, तरी हे समीकरण ढोबळच आहे असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि त्यांच्या समीकरणात उंदीर नव्हतेच. समीकरण मांडायला गणित लागतं, त्यात काय सुटलं हे कळायला जीवशास्त्र. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : गणित सोडू नका, जीवशास्त्रही सोडू नका.

या गणितावर प्रत्यक्ष निर्णय ठरतात. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, साधारण 12 ते 18 जणांना लागण करतो. साथ वाढू नये तर एका रुग्णाकडून सरासरी एकाहून जास्त जणांना लागण होता कामा नये, म्हणजे 12 पैकी 11 किंवा 18 पैकी 17 जण आधीच सुरक्षित हवेत. एकातून 1/12 वजा केलं तर 92 टक्के, 1/18 वजा केलं तर 94 टक्के येतात. किमान एवढ्या लोकांना प्रतिकारशक्ती असेल तरच साथ पसरत नाही. गोवराच्या लसीकरणाचं लक्ष्य 95 टक्के का, हे यातून समजतं.

शिक्षणासाठी पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस किंवा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. हा संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पाहा, दोन्हींना वेगळी प्रवेश परीक्षा आहे. बी.स्टॅट.ला बारावीला गणित लागतंच. साधी बी.एस्सी. गणित किंवा संख्याशास्त्र करूनही पुढे येता येतं, फक्त प्रोग्रॅमिंग शिकायला हवं. एमबीबीएस करून पुढे साथरोगशास्त्राकडे वळणं हाही रस्ता आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था याच क्षेत्रात काम करते.

एक मात्र आधीच सांगतो. संशोधनात जायचं तर बहुधा पीएच.डी. करावी लागते, म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षं. थेट या कामाच्या जागा थोड्या आहेत. पण संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असेल तर विमा, औषध कंपन्या, डेटाची कामं हे पर्याय हाताशी राहतात.

सध्या तिला एक्सेलमध्ये 1000 लोकांचं गाव मांडू द्या. एक रुग्ण, बाकी 999 निरोगी. प्रत्येक रुग्णामागे रोज 0.4 नवे रुग्ण, गुणिले गावात अजून लागण न झालेल्यांचं प्रमाण. आणि रुग्णांपैकी पाचवा हिस्सा रोज बरा होतो. साथ संपते तेव्हा लागण न झालेले किती उरतात, आणि ते शून्य का होत नाहीत, हे तिने शोधावं. मग 0.4 च्या जागी 0.3 घालून पाहावं. सुट्टीत ती यात आपणहून रमली, तर गणित सोडायचा विषय घरात पुन्हा काढू नका.