तळ्यावरची बदकं आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचा छोटा ग्रुप हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी तळ्यावर पक्षी बघायला जातो. एकाच सकाळी एकजण लिहितो चांदवे (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) दोनशे, दुसरा लिहितो पाचशे. खरं काय धरायचं? आणि तेच तेच पक्षी दरवेळी लिहून काही उपयोग असतो का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. हो, भरपूर उपयोग असतो. एखादा दुर्मिळ पक्षी दिसला की सगळेच फोटो टाकतात, पण चांदवे किंवा थापटे, टील अशी नेहमीची बदकं यांचे आकडे कोणी नीट लिहीत नाही आणि मग दहा वर्षांनी तळ्यावरचे पक्षी कमी झाले असं वाटलं तरी दाखवायला हातात काहीच नसतं. जगभर पाणपक्ष्यांची गणना 1967 पासून चालू आहे, आशियात 1987 पासून, आणि ती जानेवारीच्या मध्यावर होते कारण तेव्हा स्थलांतर जवळपास थांबलेलं असतं, पक्षी एका जागी टिकलेले असतात, त्यामुळे या तळ्याचा आकडा त्या तळ्याशी ताडून बघता येतो. तुम्हीही त्या आठवड्यात एक मोजणी नक्की करा.

आता मोजायचं कसं. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजा, ते दुर्बिणीत केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा, थवा मोठा असेल तर पन्नासचा तुकडा धरा. मोठा थवा बहुतेक लोक कमीच मोजतात हे लक्षात असू द्या. चांदव्यांचं तर विशेष आहे, वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की ते सगळे एकमेकांना चिकटून दाट गोळा करतात, तेव्हाचा आकडा हमखास चुकतो, शिकारी निघून जाऊ द्या, ते पसरले की मोजा. काठ आपसात वाटून घ्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोजा, म्हणजे उडून पलीकडे गेलेला थवा दोनदा धरला जात नाही. सूर्य पाठीशी ठेवा. तरीही दोन आकडे आले तर सरासरी काढू नका, दोघांनी परत एकदा एकत्र मोजा.

प्रश्न : माद्या सगळ्या तपकिरीच दिसतात हो! ओळखायच्या कशा?

उत्तर : रंग सोडा, चोच आणि बांधा बघा. थापट्याची चोच टोकाला पसरट, चमच्यासारखी, ती पाण्यावर टेकवून तो पाणी गाळत जातो, बऱ्याचदा घोळका करून एकाच जागी गोल गोल फिरतात, ते दिसलं की लांबूनही नाव सांगता येतं. तलवार बदकाची मादी लांब मानेची, करड्या चोचीची, चेहरा एकदम साधा. कॉमन टील यांच्यात सगळ्यात लहान, पंखात हिरवा पट्टा. मान खाली, शेपूट वर करून खाणारी बदकं वेगळी आणि पूर्ण बुडी मारणारी पोचर्ड बदकं वेगळी, हा फरक पहिल्यांदा शिका, निम्मं काम तिथेच होतं.

अजून एक, सीझनच्या सुरुवातीला येणारे नरसुद्धा मळकट असतात. विणीनंतर बदकं उडायची सगळी पिसं एकदम गाळतात, त्या काळात नरही मादीसारखा दिसतो, आणि थापट्याला पूर्ण रंग यायला तर बराच उशीर लागतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये नर किती मादी किती हे ठामपणे लिहू नका, फक्त एकूण संख्या लिहा.

प्रश्न : फोटोसाठी होडीने जवळ जावं का?

उत्तर : नाही. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला खाऊन चरबी साठवायची असते, परतीची तयारीही त्यातच होते, आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. पक्षी पोहत लांब सरकायला लागले, माना ताठ केल्या की तिथेच थांबा. खरं सांगायचं तर काठावर हलचाल न करता बसलात तर तेच जवळ येतात. आणि पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं रंगीत कडं दिसलं तर त्याचा रंग, त्यावरची अक्षरं आणि ते डाव्या पायात आहे की उजव्या हे लगेच लिहून घ्या, फोटो धूसर आला तरी ही नोंद उपयोगी पडते.