'मांडलिक' की 'मिंधा'?

प्रश्न असा आहे: 'नववसाहतवाद' हा शब्द तोंडात बसत नाही. बलाढ्य देश पैशाच्या जोरावर गरीब देशांना मुठीत ठेवतात, त्याला सरळ 'मांडलिकत्व' म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं. मांडलिक कोणाचा, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. तो उघडपणे खंडणी भरतो. इथे झेंडा स्वतःचा, संयुक्त राष्ट्रांतलं मत स्वतःचं, फक्त तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला. घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी १९६५ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही मुद्दा हाच.

'नववसाहतवाद' खटकतो तो त्यातल्या 'वसाहती'मुळे. वसाहत म्हटली की कुणीतरी येऊन वसणं आलं. इथे माणसं येत नाहीत, करारनामे येतात. (औद्योगिक वसाहतीतही कुणी राहत नाही म्हणा, तेव्हा हे फार ताणत नाही.)

माझं मत 'मिंधा'ला. मिंध्या माणसाला कुणी बांधलेलं नसतं, पण त्याला 'नाही' म्हणता येत नाही. १९८० नंतर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी देशांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं, ते अनुदानं कापू, चलनाचं अवमूल्यन करू, सरकारी उद्योग विकू असं कबूल करून. सही अर्थमंत्र्यांची, मजकूर भलत्याचाच. आणि मिंधा ते मांडलिक हे अंतर कधीकधी सात वर्षांचंच असतं. कर्जात बुडालेल्या इजिप्तचा शासक इस्माईल याने १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले आपले समभाग ब्रिटनला सुमारे ४० लाख पौंडांना विकले. पुढच्याच वर्षी देशाच्या जमाखर्चावर ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकारी येऊन बसले, आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली.

'मिंधा'ची एक खोट मात्र सांगायला हवी. त्यात उपकार गृहीत असतो. हैतीवर कसला उपकार? गुलामांनी फ्रान्सविरुद्ध बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला हा कॅरिबियनमधला देश. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. पहिल्या हप्त्यासाठीही हैतीला फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज काढावं लागलं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण त्यातून वाढत गेलेली देणी फिटायला १९४७ उजाडलं. याला 'खंडणी'च म्हणायचं. मांडलिकाची खंडणी आणि गुंडाची खंडणी, मराठीत या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत आणि इथे दोन्ही लागू पडतात.

फ्रान्सचा शब्द होता 'नुकसानभरपाई'. मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची. त्या मालमत्तेत गुलामही धरले होते.