डिस्पोजेबल पायपिंग बॅग मध्येच फुटते, कापडी घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की केकवर क्रीमची नक्षी काढायच्या शंभर प्लॅस्टिक बॅगांचं पाकीट आणलं, पहिल्या तीन कडेच्या जोडावर फाटल्या आणि क्रीम वरून मनगटापर्यंत आलं. कापडी लगेच घेऊ नका. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, माझ्याही सुरुवातीच्या बॅगा अशाच गेल्या. अगदी पातळ, चुरगळल्यावर कर्रकर्र वाजणाऱ्या बॅगा टाळा हे खरं, पण निम्मा दोष भरण्याचा असतो.

बॅग अर्धीच भरायची, फार तर दोन तृतीयांश. उंच ग्लासात उभी करा, वरची चार बोटं कड ग्लासावर उलटी दुमडा आणि मग क्रीम घाला. त्याआधी नोझलच्या, म्हणजे बॅगेच्या टोकात बसवायच्या नक्षीच्या नळीच्या, लगेच वर बॅगेला एक पीळ देऊन तो पीळ नोझलमध्ये खुपसा, म्हणजे भरताना खालून गळत नाही. भरून झालं की कड सोडा, हाताच्या कडेने क्रीम खाली सारा आणि वरचं तोंड घट्ट पिळा. तो पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायचा. दाब तिथूनच, वरून. डाव्या हाताने नुसती दिशा द्यायची. मेंदीचा कोन तुम्ही कधी धरला असेल तर हे हाताला माहीत आहे. मधे दाबला की मेंदी मागून येते, क्रीमचंही तेच.

भरण्याआधी बॅगेचं टोक कापतानाही घाई नको. नोझल आत सरकवून त्याच्या साधारण मध्यावर बाहेरून खूण करा, नोझल मागे घ्या, मग कापा. भाच्याच्या केकवर मी अंदाजाने कापलं आणि नोझलच सुटून ‘हॅपी’च्या मधोमध पडलं. त्याला वाटलं रॉकेट लावलंय, म्हणून निभावलं!

दाबूनही क्रीम येत नसेल तर जोर लावू नका, आत गुठळी अडकली आहे. आयसिंग शुगर चाळून घेतली नाही की हे हमखास होतं, आणि बॅग फाटते ती अशाच वेळी. काडीने नोझल मोकळं करा. व्हिप क्रीम हाताच्या उबेने सैल पडतं, म्हणून मी दोन बॅगा भरते: एक हातात, एक फ्रीजमध्ये.

बिस्किटांच्या घट्ट पिठाला मात्र या बॅगा नकोत. एकात एक दोन घातल्या तर जमतं, पण त्यापेक्षा घरातला सोऱ्या बरा.

केक महिन्यातून एखादाच होत असेल तर शंभर बॅगा संपणार कशा? श्रीखंड वाट्यांत भरायला वापरा, वाटीची कड स्वच्छ राहते. मिरच्यांत सारण भरायला नोझल न लावता टोक मोठं कापा, नाहीतर खोबरं अडकतं. जिलबीलाही चालते, फक्त प्लॅस्टिक उकळत्या तुपापासून वीतभर लांब धरा. वितळलेलं चॉकलेटही थोडं निवल्यावरच भरा, बॅग टिकली तरी हात पोळतो.

कापडी बॅग रोज करणाऱ्याला परवडते. पण ती गरम पाण्यात साबणाने धुऊन, उलटी करून पूर्ण वाळवावी लागते. पावसाळ्यात माझी एक बॅग दोन दिवस ओलसर राहिली आणि तिला असा आंबूस वास लागला की पुढचं गुलाबजल घातलेलं क्रीमसुद्धा तसंच लागलं. डिस्पोजेबल धुऊन पुन्हा वापरता येते का, असंही विचारलंय. क्रीमची बॅग मी टाकून देते, कोपऱ्यातली चरबी निघतच नाही. चॉकलेटची असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कडक झालं की चॉकलेट सोलून निघतं, ते पुन्हा वितळवता येतं.

एवढ्यात अडकला असाल तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, कोपरा कापून वापरा. नावं लिहायला ती पुरते, आणि फुटली तरी जीव तुटत नाही.