नीट, ब्राऊन बेल्ट आणि पाच वह्या

ताई,

मुलगी बारावी सायन्सला, कराटेत ब्राऊन बेल्ट. नीटचा क्लास बुडवून डोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, जाते, कराटेवर लिहून पाच वह्या भरल्यात आणि ‘जन्मभर हेच करणार’ म्हणते. ‘यावर पोट भरतं का?’ हा तुमचा प्रश्न.

नुसत्या खेळाडू म्हणून, अवघड आहे. कराटे टोकियो ऑलिम्पिकमध्ये होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं, २०२८ च्या यादीतही नाही. पण तिच्या तोंडी खेळाडू व्हायचंय असं कुठे आहे? तिला कराटे करायचंय आणि त्यावर लिहायचंय.

हेच करत जगलेला माणूस म्हणजे गिचिन फुनाकोशी. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शुरीचा, जन्म १८६८. गंमत म्हणजे यालाही डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षा पास झाला, पण डोक्यावरची शेंडी कापायला घर तयार नव्हतं आणि शेंडीवाल्याला कॉलेजात प्रवेश नव्हता. मग १८८८ मध्ये तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला. त्यासाठी शेवटी शेंडी कापलीच, तेव्हा आईवडील किती संतापले असतील ते तुम्हाला मी सांगायला नको!

दिवसा शाळा, रात्री कंदील घेऊन कराटे शिकवणाऱ्या अझातो गुरुजींच्या अंगणात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम. तोच काता, महिनोन्‌महिने. सुमारे तीस वर्षं घर मास्तरकीच्या पगारावर चाललं. कविता करायचा तो ‘शोतो’ या टोपणनावाने, म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट. त्याच्या कराटेच्या शैलीला शोतोकान हे नाव त्यावरूनच पडलं. १९२२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेला आणि तिथेच राहिला. त्याच वर्षी पहिलं पुस्तक आलं. पुढच्या वर्षीच्या भूकंपात त्याच्या छपाईच्या प्लेटा गेल्या, तर पुन्हा कामाला लागला. तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राखणदारी करायचा, अंगण झाडायचा. कराटेवर पोट भरायला गेला तेव्हाच त्याचे खरे हाल झाले, हे तिलाही वाचून दाखवा.

म्हणून मी तिला मास्तरकीसारखा आधार शोधायला सांगेन. कुठल्याही शाखेची पदवी आणि मग दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, हा शाळेत शिरायचा रस्ता. किंवा फिजिओथेरपी, आपल्याकडे तिचेही प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, म्हणजे क्लासचे पैसे वाया जाणार नाहीत. गुडघे आणि खांदे कळणारी कराटेवाली हवीच आहे. मात्र हे वर्ष क्लास बुडवायचा नाही; डोजो संध्याकाळी.

बेल्टच्या परीक्षेची फी भरण्याआधी सर्टिफिकेट कुठली संघटना देते आणि शासकीय कामात ते चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. इथे संघटना उदंड आहेत.

आणि त्या वह्या रागाच्या भरात रद्दीत घालू नका. त्यातली दोन पानं मला पाठवा. तिला विचारून.