छापा, काटा आणि बांगडे

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. सरासरी चटकन काढतो, पण चार वेळा छापा पडला की ‘आता काटाच!’ म्हणून अडून बसतो. गणित कच्चं म्हणायचं का?
– एक आई, फोंडा

उत्तर : छे हो! पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ सालीच योगायोगाची समज टप्प्याटप्प्यानं येते, असं मांडलं होतं. (मटका लावणाऱ्या बाप्यांना तरी कुठे आलीय?) नाणं पन्नासदा उडवायला लावा, प्रत्येक निकाल वहीत. सलग छापे त्याला स्वतःलाच सापडतील. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाच मासेवाल्या बायकांकडे बांगड्यांचा भाव विचारू दे. सरासरी निघाली की विचारा, ‘या भावानं विकतंय कोण?’ बहुधा कुणीच नाही. जूनमध्ये मासेमारीचे ट्रॉलर बंद असताना पुन्हा न्या. भाव का हलला, हे त्यालाच सांगू दे.